आवतन आणि बोलावणं

आमच्या अमडापुरात इंद्रभानच्या तोंडून आवतन ऐकलं नाही असं घर सापडायचं नाही. आणि इंद्रभानला आवतन दिलं असंही घर सापडायचं नाही. आवतन म्हणजे जेवणाचं निमंत्रण. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, गावातल्या वारकानं, म्हणजे न्हाव्यानं, घरोघर जाऊन ते सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. इंद्रभानचा बाप सांगायचा, मग इंद्रभान सांगू लागला. पण सांगणाऱ्याला कोण सांगणार? तो असतोच, असं सगळे धरून चालतात.

मी रामराव. माझी पिठाची गिरणी आहे आणि तिला लागून इंद्रभानचं दाढी-कटिंगचं दुकान. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. गिरणीच्या घरघरीत जन्म गेल्यामुळे मी मोठ्यानं बोलतो, आणि लोकांना वाटतं मी भांडतो. भांडतोही. इंद्रभानशी तर रोजच. पण त्याच्याइतका सोबतीचा माणूस मला दुसरा मिळाला नाही, हेही सांगून टाकतो.

त्याच्या रीतीभातीचा मला कंटाळा यायचा. आवतन देताना तो दारात चपला काढायचा, उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, घरच्या कर्त्याचं नाव घ्यायचा, मग यजमानाचं, मग कार्याचं. घरटी एकालाच बोलावलंय की चूलबंद, म्हणजे अख्ख्या घराला, तेही स्पष्ट सांगायचा. चूलबंद आवतन असलं की त्या दिवशी त्या घरी चूल पेटत नाही. म्हणून त्यात चूक चालायची नाही.

पण आवतन मिळालं म्हणून कोणी उठून जेवायला जात नाही, ही खरी मेख. सकाळी आवतन, आणि पत्रावळी मांडल्या की पुन्हा बोलावणं. यजमानाच्या घरचं माणूस दारोदार येऊन म्हणतं, चला, पानं वाढली. मगच माणसानं ओट्यावरून उठायचं. त्याआधी गेला तो हावरट. बिनबोलावता गेलेल्या माणसाचं नाव आमच्या गावात त्याच्या नातवापर्यंत निघतं. एकदा गावातल्या सत्यभामाबाईंच्या घरच्या लग्नात एका आळीला बोलावणं द्यायचं राहून गेलं. ती माणसं बुंदीचा वास घेत दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसून राहिली, पण एकही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी जे भांडण झालं ते विचारू नका. मी म्हणालो, अरे, पन्नास पावलांवर मांडव होता, उठून गेले असते तर काय झालं असतं? इंद्रभान वस्तरा घासत म्हणाला की त्यांचंच बरोबर आहे. पोटाचं काय, ते रोजच मागतं.

स्वतः तो पंगतीच्या शेवटी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहायचा. यजमान म्हणाला, "बस बे इंद्रभान आता," की बसायचा. यजमान विसरला तर घरी जायचा आणि बायकोला भाकर मागायचा. रुक्मिणीबाई त्या दिवसासाठी एक भाकर जास्तीची थापूनच ठेवायची. असं किती वेळा झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं मात्र मला सांगितलंय.

पुढे पत्रिका आल्या, मग मोबाईल आला. आता लग्नाची पत्रिका फोनवर येते, त्यात नवरा-नवरी नाचतात आणि वर गाणं वाजतं. इंद्रभानकडे तेरवीची आवतनं तेवढी राहिली. पोरं दाढीलाही बसस्टँडवरच्या नव्या सलूनमध्ये जाऊ लागली. तरी तो रोज दुकान उघडायचा, आणि ज्यांची आवतनं सांगायला त्याला मिळाली नाहीत त्या लग्नांत काय काय चुकलं ते मला ऐकवायचा.

त्याला एकच मुलगी, अर्पिता. हुशार निघाली. चिखलीला बारावी करून पुण्याला गेली आणि तिथे स्पॅनिश शिकली. गावात कोणी विचारलं की इंद्रभान सांगायचा, ती भाषा इंग्रजीची चुलत बहीण आहे. त्याला त्याचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोलू. तिला एका कंपनीत काम मिळालं, तिकडच्या लोकांची पत्रं वाचून उत्तरं द्यायचं. आणि संध्याकाळी ती चारपाच जणांबरोबर त्याच भाषेत नाटकं करायची. ते समजल्यावर इंद्रभानला जरा खटकलं. पण पोरगी दिवाळीला यायची, दुकानात खुर्चीवर बसून बापाला त्या भाषेतले शब्द म्हणून दाखवायची, आणि हा हसून म्हणायचा, "पुन्हा म्हण."

मग तिनं लग्न केलं. मुलाचं नाव हरिओम, लातूरकडचा, नाटकात दिवे लावायचं काम करणारा. पुण्यात नोंदणी करून, चार सह्या करून लग्न. सगळ्या गावाला लग्नाची आवतनं दिलेल्या माणसाच्या पोरीचं लग्न झालं आणि गावात एका घराला आवतन नाही. लोकांनी काय सोडलं असेल? दाढीला बसलेला माणूसही त्याच्या हातात वस्तरा असताना टोमणा मारायचा. इंद्रभान एवढंच म्हणायचा, मलेच आवतन नव्हतं, तर तुमाले कुठून देऊ. हे ऐकून लोक अर्पिताला नावं ठेवायचे, बापालाही विचारलं नाही कार्टीनं. मीही ठेवली.

खरं काय ते मला नंतर रुक्मिणीबाईनं सांगितलं. दळण घेऊन आली होती, गिरणी बंद होती, वीज गेलेली. अर्पितानं लग्नाआधी फोन केला होता. अमुक दिवशी आहे, दोघंही या, असं बापाला स्वतः सांगितलं होतं. फोन ठेवून हा बायकोला म्हणाला, फोनवर काय आवतन असते का? रुक्मिणीबाईनं लुगडं काढून ठेवलं होतं. लग्नाच्या दिवशी तो सकाळपासून ओट्यावर बसला होता. कोणी न्यायला येईल, जावयाकडचं कोणी तरी येईल. कोणी आलं नाही. पुण्याहून अमडापूरला बोलावणं घेऊन कोण येणार होतं? हे ऐकून मला त्याचा असा राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दाढी वाढली म्हणून गेलो.

तीन वर्षं बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. आईला फोन यायचा. इंद्रभान घरात असला की उठून बाहेर जायचा, पण दाराजवळच उभा राहायचा.

मागच्या हिवाळ्यात अर्पिता गावात आली. एकटीच. डोक्यावर ओढणी घेतलेली, हातात काही नाही. ती घरात गेली नाही, सरळ दुकानासमोर आली आणि चपला काढून पायरीखाली उभी राहिली. मी गिरणी बंद केली. इंद्रभान रंगराव पाटलांची दाढी करत होता, त्यानं मान वर केली नाही. तिनं बापाचं नाव घेतलं, पूर्ण नाव, त्याच्या वडिलांच्या नावासकट. मग आईचं. मग म्हणाली, "बुलढाण्याले येत्या रविवारी दुपारी आमच्या मंडळीचं नाटक हाय. तुमाले दोघाईले आवतन हाय. चूलबंद."

रंगराव पाटील अर्ध्या फेसात तसेच बसून राहिले. आता हे चूलबंद काय, घरात दोनच माणसं, पण तिनं ते म्हटलं. बापाची रीत बापाच्या दारात तिनं अक्षर न गाळता पाळली.

इंद्रभाननं वस्तरा पुसला. कोणत्या भाषेत, असं त्यानं भिंतीकडे पाहत विचारलं. तिनं सांगितलं, स्पॅनिश. तो म्हणाला, "समजनारं कोन हाय इकडं?"

"कोनीच नाई," ती म्हणाली. "तुमी यावं म्हणून बुलढाण्याले ठेवलं."

पुण्याला बाप येणार नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून बुलढाण्याच्या एका कॉलेजात परदेशी भाषांचा कार्यक्रम होता, त्यात तिनं खटपट करून आपलं नाटक बसवलं. मग तिनं शेवटचं सांगितलं. तिला स्पेनमध्येच काम मिळालं होतं, हरिओमही सोबत जाणार होता, आणि नाटकानंतरच्या आठवड्यात त्यांचं विमान होतं. परत कधी यायचं ते ठरलेलं नव्हतं. म्हणजे बापानं यायचं तर हेच एकदा, आणि बोलायचं तर हेच एकदा. हे तिथल्या सगळ्यांना कळलं, रंगराव पाटलांनाही.

इंद्रभान म्हणाला, "येईन."

तीन वर्षांनी बापाच्या तोंडचा तो एक शब्द. पोरीनं चपला घातल्या, आईकडे गेली, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. रंगराव पाटील म्हणाले, अरे, दुसरा गाल तरी कर.

तो आठवडा इंद्रभान वेगळाच माणूस होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी आवतन दिलं होतं, नाव घेऊन, चपला काढून. कुणाला सांगू आणि कुणाला नको असं त्याला झालं होतं. गिऱ्हाइकाला सांगायचा, येत्या रविवारी दुकान बंद, मले आवतन हाय. कशाचं म्हणून विचारलं की म्हणायचा, इस्पॅनिश नाटकाचं. लोक हसायचे आणि तोही हसायचा. मला म्हणाला, तूही चाल, चूलबंद म्हटलंय तिनं, तू शेजारी हाईस, चुलीच्या जवळचाच. धोतर त्यानं स्वतः धुतलं, रुक्मिणीबाईला हात लावू दिला नाही. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

रविवारी आम्ही तिघं निघालो. चिखलीला गाडी बदलून बुलढाण्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. कॉलेजचा हॉल नवा, समोर रुंद पायऱ्या, दारात फुलांची रांगोळी. साड्या नेसलेल्या पोरी दारात उभ्या राहून सगळ्यांना एक कागद देत होत्या, त्यावर नाटकाची गोष्ट मराठीत छापली होती. लोक कमी नव्हते. फुकटचं आणि परदेशी म्हटल्यावर आपल्याकडे गर्दी होतेच.

इंद्रभान पायऱ्यांशी आला, त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि सगळ्यात खालच्या पायरीवर एका बाजूला बसला. मला वाटलं, चालून दमला असेल. मीही बसलो. एक पोरगी आली, म्हणाली, आजोबा, आत बसा ना, खुर्च्या आहेत. त्यानं मान डोलावली आणि बसूनच राहिला. मग दुसरी आली. मग मला उमजलं. हा बोलावण्याची वाट पाहत होता.

मी त्याला सांगितलं, बाबा रे, हे लग्नाचं जेवण नाही, नाटक आहे. नाटकाला लोक आपणहून जाऊन बसतात. तो शांतपणे म्हणाला की आवतन ज्या रीतीनं आलं त्याच रीतीनं पुढचं होईल, पोरीला सगळं येतं, आपण घाई करू नये. अनोळखी पोरी आत बसा म्हणतात त्याला अर्थ नाही, यजमानाच्या घरचं माणूस यायला हवं. मी विचारलं, अन् नाही आलं तर? "काऊन नाई येईन?" तो म्हणाला. "तिनं चूलबंद म्हटलं."

तेवढ्यात एक तरुण दोन जाड वायरींची वेटोळी आणि एक लोखंडी खांब घेऊन पायऱ्या चढत आला. घामानं शर्ट भिजलेला, घाईत होता. "आजोबा, जरा सरकून बसता का?" म्हणाला. इंद्रभान सरकला. तो वर गेला. तो हरिओम होता, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानं सासऱ्याला पाहिलेलं नव्हतं आणि सासऱ्यानं जावयाला.

आत घंटा वाजली. रुक्मिणीबाई इतका वेळ नवऱ्याच्या मागे, एक पायरी सोडून, बसून होती. ती उठली. पदर खोचला. "मी माय हाय," ती म्हणाली, "मले कोनी बलावलं काय अन् नाई काय." आणि त्याच्या पुढून पायऱ्या चढून गेली. लग्न झाल्यापासून ती बाई नवऱ्याच्या पुढे चाललेली मी कधी पाहिली नव्हती. मीही तिच्यामागे गेलो. मला वाटलं, दोघंही गेलो की हा मागोमाग येईल. एकट्यानं कोण बसतं?

नाटकाबद्दल मी काय सांगू? समुद्राकाठचं घर आहे, हे मला कागदावर वाचून कळलं, कारण समोर एक खिडकी आणि एक पेटी एवढंच होतं. अर्पिता त्या घरातली मुलगी. आईला सोडून जहाजानं लांब जाणार असते. ती बोलायला लागली आणि मी चकित झालो. एवढीशी होती तेव्हा दळणाचा डबा उचलत नव्हता तिला, आणि आता तिच्या तोंडून ती भाषा अशी यायची की हॉलमधलं चिटपाखरू हलत नव्हतं. एकही शब्द कळला नाही. कंटाळा मात्र आला नाही, आणि मला तर कीर्तनातही झोप लागते. रुक्मिणीबाई खुर्चीच्या टोकावर बसली होती, पाठ न टेकता.

माझं लक्ष सारखं दाराकडे. शेवटी उठलो आणि बाहेर आलो. इंद्रभान तिथेच होता, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी त्याचा दंड धरला, म्हटलं, चल, तुझी पोरगी काय बोलते ते ऐक. त्यानं दंड सोडवून घेतला.

"तू यजमान हाईस का बे?" तो म्हणाला. "तूही माझ्यासारखाच पाव्हना."

मी शिव्या दिल्या. गिरणीतल्या आवाजात दिल्या, आतल्या पोरी धावत बाहेर आल्या आणि मला शू शू करायला लागल्या. आतमध्ये कोणाला निरोप पाठवावा म्हटलं तर रंगमंचाचं दार बंद होतं, आणि तिथली पोरगी म्हणाली की नाटक संपेपर्यंत कोणालाच सोडता येणार नाही. मी परत जाऊन रुक्मिणीबाईच्या कानाशी लागलो. तिनं समोरून नजर काढली नाही. आले तं आले, नाई तं नाई, म्हणाली.

तो आला नाही. शेवटच्या प्रवेशात अर्पिता पेटीवर बसून रडली, आणि मग पेटी उचलून निघून गेली. टाळ्या थांबता थांबेनात. माझ्या बाजूचा प्राध्यापक म्हणाला, काय अभिनय आहे हो मुलीचा.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लोक पायऱ्यांवरून त्याला वळसा घालून उतरत होते. थोड्या वेळानं अर्पिता आली, चेहऱ्यावर रंग तसाच, पायांत चपला नाहीत. ती सरळ बापासमोर येऊन उभी राहिली. इंद्रभानचं तोंड उजळलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, टोपी घातली, धोतर झटकलं.

"चाल," म्हणाला, "कुठं बसायचं?"

"झालं, बाबा."

त्याला कळेना. त्यानं हॉलच्या दाराकडे पाहिलं, तिथे पोरी रांगोळीची फुलं गोळा करत होत्या. मग म्हणाला की बलावणं तर आलंच नाही.

"मले दिसत होते तुमी," अर्पिता म्हणाली. "आत रंग लावायच्या खोलीले खिडकी हाय, तिच्यातून पायऱ्या दिसतात. नाटक सुरू व्हायच्या आधीपासून पाहून राह्यली होती."

मी थक्क झालो. तिला माहीत होतं. हा कशासाठी बसलाय तेही नेमकं माहीत होतं, त्या शंभर माणसांत तिलाच काय ते माहीत होतं. एखाद्या पोरीला पाठवलं असतं, नवऱ्याला पाठवलं असतं, स्वतः चार पायऱ्या उतरून आली असती तर हा माणूस पळत आत गेला असता.

इंद्रभाननं तेच विचारलं, अगदी हळू. "मंग काऊन नाई बलावलं?"

"लग्नाचं सांगतलं होतं, तुमी आले नाई. आता दारात येऊन आवतन देल्लं. अजून किती डाव बलावू, बाबा? म्हटलं, एक डाव तरी आपल्या मनानं उठून येतात का पाहू."

"आपल्या मनानं मी कोनाच्याच दारात गेलो नाई," तो म्हणाला. "तसं जानाऱ्याले लोकं काय म्हनतात, तुले माईत हाय."

"मी लोकं नाई," ती म्हणाली.

मला वाटलं, आता तरी बोलेल, पोरीच्या डोक्यावर हात ठेवेल. त्याचा हात उचललाही गेला, पण टोपीकडे गेला. मग हरिओम धावत आला, त्यानं इंद्रभानला पाहिलं आणि हाच सासरा हे उमजल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. तो वाकला. इंद्रभाननं परक्या माणसाला करतात तसा त्याला नमस्कार केला, म्हणाला, तुमच्या वायरीच्या वाटेत बसलो होतो. मंडळींची गाडी निघायची होती, कोणीतरी हाका मारत होतं. अर्पितानं आईला मिठी मारली, आईच्या खांद्याला तिच्या गालाचा रंग लागला. बापाच्या पायांना तिनं हात लावला. मग ती गेली.

पुढचं थोडक्यात. पुढच्या आठवड्यात ती दोघं गेली. फोन येतो, आईलाच. इंद्रभान आता उठून बाहेर जात नाही, तिथेच बसतो, पण त्याला द्या असं तिकडून कोणी म्हणत नाही आणि हा मागत नाही. मी त्याला म्हणालो, माग ना बे, एकदा माग. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला चोरी करायला सांगतोय. हा गुंता सुटेल असं मला वाटत नाही. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, आणि खऱ्या माणसांना समजावणारा अजून जन्माला यायचाय.

पण मला त्या दिवशीची परतीची गाडी आठवत राहते. चिखलीपर्यंत उभं राहावं लागलं, मग जागा मिळाली. नवरा-बायको एका बाकावर, मी मागे. रुक्मिणीबाई खिडकीशी बसली होती. अर्धा रस्ता मागे पडला. मग इंद्रभाननं घसा खाकरला आणि विचारलं, नाटकात काय होतं?

"आपली पोरगी होती," ती म्हणाली.

गाडी एका गावात थांबली, दोघं उतरले, गाडी निघाली. मग त्यानं पुन्हा विचारलं, "काय करत होती?"

"रडत होती," रुक्मिणीबाई म्हणाली. "अन् लोकं टाळ्या वाजवत होते."

त्यानंतर अमडापूर येईपर्यंत त्यानं काही विचारलं नाही.